'गॅप'ला दरी म्हणावं की फट?

प्रश्न असा आला आहे: मॅग्नेशियम डायबोराइड या अतिसंवाहकाच्या, म्हणजे पुरेसा थंड केला की वीज विनारोध वाहू देणाऱ्या पदार्थाच्या, फर्मी पृष्ठभागाचं संगणकावर काढलेलं रंगीत चित्र आहे. त्याखालच्या 'सुपरकंडक्टिंग गॅप ऑन द फर्मी सरफेस' या ओळीचं मराठी 'फर्मी पृष्ठभागावरील अतिसंवाहक दरी' असं केलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. 'अतिसंवाहक' हे विशेषण पदार्थाचं, दरीचं नव्हे. 'अतिसंवाहकतेतली' म्हटलं की तेवढं सुटतं. 'दरी'चं दुखणं मोठं आहे. दोन पिढ्यांतली दरी आपण सहज म्हणतो, पण दरी म्हटलं की मनात खोली येते आणि इथे प्रश्न रुंदीचा आहे: फर्मी ऊर्जेच्या (धातूतले इलेक्ट्रॉन जिथवर ऊर्जेच्या पायऱ्या भरतात त्या सीमेच्या) अल्याडपल्याड ज्या ऊर्जा इलेक्ट्रॉनांना वर्ज्य होतात, त्या पट्ट्याच्या रुंदीचा. 'अंतराल' अचूक आहे, पण घाईत हटकून 'अंतराळ' वाचला जातो.

मला 'फट' आवडते, ती तिच्या क्रियापदांमुळे. पदार्थ पुरेसा थंड झाला की फट पडते, आणखी थंड केला की रुंदावते, तापवत नेला की मिटते. तांब्याच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या अतिसंवाहकांत काही दिशांना ती मुळातच मिटलेली असते. हे सगळं 'दरी'कडून वदवून बघा!

खरी अडचण 'वरील'ची आहे. 'पृष्ठभागावरील फट' म्हटलं की भिंतीवरची भेग डोळ्यांपुढे येते आणि वाचक चित्रात तडा शोधू लागतो. पण हा पृष्ठभाग धातूच्या तुकड्याचा नाही. इलेक्ट्रॉनांच्या ज्या अवस्थांची ऊर्जा नेमकी फर्मी ऊर्जेइतकी, त्या संवेगाच्या नकाशावर मांडल्या की तो तयार होतो. फट असते ऊर्जेत. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी तिचा एक आकडा असतो आणि फर्मीसर्फरसारखी चित्रं काढणारी संगणकप्रणाली तो आकडा रंगाने दाखवते. तुमच्या चित्रातली नळकांडी एका रंगाची आणि जाळीसारखे भाग दुसऱ्या रंगाचे आहेत ते याचमुळे: नळकांड्यांवर सुमारे 7 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, जाळीवर 2 ते 3. 39 केल्विनपर्यंत टिकणारी या पदार्थाची अतिसंवाहकता 2001 साली जाहीर झाली, आणि एकाच पदार्थातल्या या दोन फटींनी अभ्यासकांना भुरळ घातली. ओळीत हे वेगळेपण उतरायलाच हवं.

त्यासाठी मराठीत 'गणिक' आहे. गावागणिक पाण्याची चव बदलते, माणसागणिक स्वभाव. तशी बिंदूगणिक फट. म्हणून मी लिहीन: 'अतिसंवाहकतेतली ऊर्जाफट, फर्मी पृष्ठभागाच्या बिंदूगणिक'. 'ऊर्जा' संस्कृत आणि 'फट' घरगुती, म्हणून कुणी नाक मुरडेल. पण 'वीजनिर्मिती'ही तशीच जुळली आहे आणि कुणाला खटकत नाही. 'अ‍ॅनायसोट्रॉपिक गॅप'लाही याच वळणाने 'दिशेगणिक वेगळी फट' म्हणता येईल.

एक मात्र जपा. अशा चित्रांत रंगवतात तो डेल्टा, म्हणजे फर्मी ऊर्जेपासून फटीच्या एका काठापर्यंतचं अंतर. पूर्ण रुंदी त्याच्या दुप्पट. तेव्हा रंगपट्टीखाली नुसतं 'फटीची रुंदी' नको, 'निम्मी रुंदी' लिहा.