सुई ठेवायच्या आधी बारकोड बघ

प्रश्न: नमस्कार काका, मी ऐरोलीचा. माझे मोठे काका बोटीवर होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. आत्ता त्यांची खोली आवरताना पलंगाखालच्या पेटीत वीसपंचवीस एलपी निघाल्या, त्यात एक 'द ट्रूथ', डी. आर. हूकर नावाच्या माणसाची. कव्हरवर लांब केस, दाढी, पांढरा झगा, हातात गिटार. आई म्हणाली चर्चची असेल, ठेव बाजूला. मग कळलं की हिच्या फक्त ९९ कॉपी काढल्या होत्या! बाबांनी मनातल्या मनात गाडी बुक केलीये. मागे १९७२ साल छापलंय, कोपऱ्यात बारकोड आहे. खरी असेल का? आणि मोबाईलवर दोन गाणी ऐकली, भक्तिगीतं वाटतच नाहीत. हा माणूस कोण?

उत्तर: अरे, तुझ्या पत्रातच उत्तर आहे की. बारकोड! दुकानात पहिल्यांदा बारकोड स्कॅन झाला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी, आणि तो पण च्युइंगमच्या पाकिटावरचा. मग १९७२ च्या कव्हरवर तो येणार कुठून? तुझी कॉपी नंतर छापलेली आहे. ह्यात कोणी काकांना फसवलंय असं मुळीच नाही, पुन्हा छापताना जुनं कव्हर जसंच्या तसं घेतात, साल पण तेच ठेवतात. तरी मन मानत नसेल तर रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धर, शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्याच्या मधे गुळगुळीत पट्टी असते, तिथे कोरलेला नंबर दिसेल, तो मूळ छपाईच्या नंबराशी ताडून बघ. बाबांना सांग, गाडीला कर्जच काढा.

आता माणूस. हूकर अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. पाठीशी मोठी कंपनी वगैरे काही नाही. तेव्हा तिकडे पैसे भरले की कोणालाही रेकॉर्ड छापून मिळायची, म्हणजे आपल्याकडे कवी पदरचे पैसे घालून संग्रह काढतात आणि मग गठ्ठे माळ्यावर पडतात ना, तोच प्रकार. ९९ हा आकडा आज सोन्यासारखा वाटतो पण त्या दिवशी ती नुसती न खपणारी रेकॉर्ड असणार. २००९ मधे नाउ-अगेन कंपनीने अशा विसरलेल्या जड, संथ सायकेडेलिक (म्हणजे नशेतल्या भासांसारखी वाटणाऱ्या) गाण्यांचा एक संग्रह काढला आणि त्याला नाव दिलं हूकरच्याच गाण्याचं, 'फोर्ज युअर ओन चेन्स'. स्वतःच्या बेड्या स्वतःच घडवा! आता हे भक्तिगीताचं नाव आहे का, तूच सांग.

पण ती पिढीच तशी होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी वस्तीत हिप्पी जमले, एलएसडी ही भास घडवणारी नशा आली (कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली ऑक्टोबर १९६६ मधे), आणि त्यातलेच काही जण थकून, भंजाळून येशूकडे वळले. केस कापले नाहीत, गिटार सोडली नाही, फक्त गाण्यातला देव बदलला. त्यांच्यातला गायक लॅरी नॉर्मन, त्याची 'अपॉन धिस रॉक' ही रेकॉर्ड १९६९ ची, टाइम साप्ताहिकाने ह्या येशूवाल्या हिप्पींवर कव्हर स्टोरी केली जून १९७१ मधे. हूकर त्याच लाटेतला, फक्त किनाऱ्यापासून फार लांब. त्या गाण्यांत जी घरघर ऐकू येते ना, तिला फझ म्हणतात, गिटारचा आवाज मुद्दाम इतका चढवायचा की त्याची वरची टोकं कापली जातात आणि बाटलीत मधमाशी कोंडल्यासारखा सूर येतो. चर्चमधल्या ऑर्गनची सवय असलेल्या कानाला हे चमत्कारिक वाटणारच.

आणि आपण तरी कशाला नाकं मुरडायची? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मधे बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची गाणी लिहिली ती अभंगात, भजनात. आपल्या मातीतलं जे हाताशी होतं त्यात गायले. हूकरच्या हाताशी फझ होता. मला तर हे दोघे एका बाकावर बसलेले दिसतात, आता टिळक त्याच्या झग्याला काय म्हणाले असते ते सोडा.

एक सांगतो, बारकोड निघाला हे बरंच झालं. मूळ कॉपी असती तर ती तिजोरीत गेली असती आणि तू मोबाईलवरच ऐकत बसला असतास. आता बिनधास्त वाजव, कोणाकडून तरी प्लेयर माग. त्याआधी धू. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोनतीन थेंब, मऊ मायक्रोफायबर फडकं, खाचांच्या दिशेने गोल गोल, लेबल ओलं करू नकोस. सुकली की उभी ठेव. आमच्या नौपाड्याच्या घरात मी एकदा चारपाच रेकॉर्ड खिडकीत आडव्या ठेवल्या, मे महिना, दुपारी घरी येऊन बघतो तर वरच्या दोन पापडासारख्या वाकलेल्या. आणि पावसाळ्यात ऐरोलीच्या हवेत कव्हरला बुरशी धरते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक.

प्रश्न: दादा, कळव्याहून लिहितेय. मुलगा बारावीला आहे, दिवसभर कानात डेव्ह बिक्स्बी नावाचा कोणीतरी. गाण्याचं नाव 'ड्रग साँग'! वाचूनच पोटात गोळा आला. तो म्हणतो, मम्मी ख्रिश्चन गाणं आहे. खरं का?

उत्तर: ताई, पोरगं खरं बोलतंय. बिक्स्बी मिशिगनचा, अल्बम १९६९ चा, 'ओड टू केत्सालकोआत्ल'. नाव अ‍ॅझ्टेक लोकांच्या पिसांच्या नागदेवाचं आणि आतली गाणी येशूकडे वळलेल्या माणसाची, असा सगळा गोंधळ आहे. एलएसडीने पार पोखरून निघाल्यावर केलेली रेकॉर्ड आहे, आणि 'ड्रग साँग' म्हणजे नशेने आपलं काय काय नेलं ह्याचा पश्चात्ताप. गिटार आणि रिकाम्या खोलीतून आल्यासारखा घुमणारा आवाज, बास. ऐकून नशा करावीशी वाटणं कठीण, दोन दिवस चहा पण गोड लागत नाही. २००९ मधे स्पेनच्या गेरसेन कंपनीने ती पुन्हा छापली म्हणून आज तुमच्या मुलापर्यंत पोचली. एकदा त्याच्याकडून एक बाजू कानात घालून घ्या आणि शेजारी बसून ऐका. हेडफोनचा आवाज मात्र तुम्हाला दारात उभं राहून ऐकू येत असेल तर तो कमी करायला लावा.