एकाच सीझनमध्ये बंद पडलेली अमेरिकन मालिका 'फायरफ्लाय' आज बघावी का? बघायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं चूक झाली तर पहिल्या भागाला अर्थ उरत नाही. 'सेरेनिटी' या जोडभागापासून, म्हणजे दुप्पट लांबीच्या मूळ पहिल्या भागापासून, सुरू करा आणि डीव्हीडीवर जसे लावलेत त्याच क्रमानं भाग बघा. टीव्हीवर ज्या क्रमानं दाखवले, त्या क्रमानं बघू नका. मी तसेच बघितले होते.

डिप्लोमा संपवून मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला लागलो होतो. रात्रपाळी संपली की सकाळी झोप येत नसे. एका मित्रानं हार्ड डिस्क दिली, "बघ की, अंतराळातली आहे, पण वेगळी आहे." त्यातल्या फायली कुणीतरी प्रसारणाच्या तारखेप्रमाणं लावलेल्या होत्या. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ही मालिका २० सप्टेंबर २००२ ला सुरू झाली. मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन, त्यानं लिहून काढलेला मूळ पहिला भाग वाहिनीला पसंत पडला नाही. त्यांना जास्त धावपळ हवी होती. मग एका शनिवार-रविवारात दुसराच 'पहिला' भाग लिहून घेतला आणि तो आधी दाखवला. एकूण १४ भाग तयार झाले, त्यातले ११ दाखवले आणि डिसेंबरमध्ये मालिका बंद. ज्या भागात सगळी माणसं पहिल्यांदा एकत्र येतात तो भाग, म्हणजे 'सेरेनिटी', २० डिसेंबरला, सगळ्यांत शेवटी दाखवला. घर बांधून झाल्यावर पाया दाखवावा तसं.

आता कथा, थोडक्यात. साल २५१७. पृथ्वी मागे राहिली आहे, माणसं दुसऱ्याच सूर्याभोवतीच्या ग्रहांवर जाऊन राहिलीत. मधले ग्रह श्रीमंत, त्यांच्या सत्तेचं नाव अलायन्स. कडेच्या ग्रहांना त्या एकछत्री कारभारात जायचं नव्हतं. युद्ध झालं, कडेचे हरले. मालिका सुरू होते ती त्यानंतर सहा वर्षांनी. हरलेल्या बाजूचा सार्जंट माल्कम रेनॉल्ड्स, म्हणजे मॅल, एक जुनं मालवाहू जहाज चालवतो आणि त्यावर नऊ माणसं राहतात. मिळेल ते भाडं घेतात, त्यातलं बरंचसं बेकायदा असतं.

त्या दुसऱ्या 'पहिल्या' भागाची सुरुवात एका गुत्त्यात होते. अलायन्स जिंकली तो दिवस दरवर्षी साजरा होतो, आणि नेमक्या त्याच दिवशी मॅल त्यांच्याच बाजूच्या लोकांनी भरलेल्या गुत्त्यात जाऊन बसतो. अंगात हरलेल्या फौजेचा तपकिरी कोट. एक जण जिंकलेल्यांच्या नावानं पेला उचलतो आणि मारामारी होते. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला यात त्यांच्या यादवी युद्धातला हरलेला दक्षिणेचा सैनिक दिसतो, आणि व्हीडनच्या डोक्यातही तोच होता. मला मात्र १ नोव्हेंबर दिसला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेला गावात राज्योत्सवाची प्रचंड मिरवणूक निघते, आणि त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिन पाळतात. लहानपणी त्या दिवशी आजोबा दुकानाची एकच फळी उघडी ठेवायचे. चिडलेले नसायचे. गिऱ्हाईक कानडी असो की मराठी, तूरडाळ मोजून द्यायचे, दोन शब्द बोलायचे. पण रेडिओ बंद असायचा. मॅलला बघताना मला ती एक फळी आठवली. तुलना यापुढं ताणणार नाही. आमच्याकडं युद्ध झालेलं नाही, आणि माझे निम्मे मित्र त्या मिरवणुकीत नाचतात. पण जो निर्णय आपल्या जन्माआधी झाला, ज्याचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्या सावलीत रोज सकाळी उठून शटर वर करायचं म्हणजे काय, ते पडद्यावर मी पहिल्यांदा या मालिकेत बघितलं. तोवरच्या विज्ञानकथांत मला बहुतेक जिंकणारेच भेटले होते. इथं हरून सहा वर्षं झालेली माणसं इंधनाचा हिशोब करत बसलेली असतात.

आणि भाषा. या जगात अमेरिका आणि चीन या दोन सत्ता एकत्र येऊन पुढं गेल्या, असं गृहीत आहे, म्हणून सगळी पात्रं इंग्रजी बोलता बोलता मध्येच चिनी बोलतात. शिवी देताना, घाबरल्यावर, फार आनंद झाल्यावर. खाली भाषांतर येत नाही. मित्र म्हणाला होता की त्यामुळं त्याला कळेना. मला काहीच अडलं नाही. आमच्या शॉपवर जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायला लावलेला तुकडा, स्क्रॅप गेला की अस्सल मराठी बोलणारा फोरमनसुद्धा कपाळाला हात लावून कानडीत "एन माडूदू" म्हणतो, आणि हुबळीकडचा ऑपरेटर त्याला मराठीत सांगतो, "जाऊ दे साहेब, दुसरा लावतो." कोणता शब्द कुठल्या भाषेत निघेल ते कुणी ठरवत नाही. शब्द कळला नाही तरी तोंडाकडं बघून कळतं. दोन भाषा मुरलेल्या गावाचं बोलणं असंच असतं, हे लिहिणाऱ्यानं बरोबर पकडलं होतं.

पण इथंच मालिकेची सगळ्यांत मोठी उणीव आहे, आणि ती मला दरवेळी जास्तच टोचते. चिनी भाषा आहे, पाट्यांवर चिनी अक्षरं आहेत, कपडे आहेत, काड्यांनी जेवण आहे, पण त्या जहाजावरच्या नऊ जणांत एकही चिनी वंशाचा नट नाही. बाहेरच्या गर्दीतही बोलायला संवाद मिळालेलं असं माणूस शोधावं लागतं. भाषा घेतली आणि भाषेची माणसं बाहेर ठेवली. ज्याच्या गावात पाटी कुठल्या लिपीत असावी यावरून माणसं रस्त्यावर येतात, त्याला हे साधं वाटू शकत नाही. ही तक्रार बऱ्याच जणांनी केली आहे आणि ती खरी आहे.

आता मूळ क्रमाबद्दल, कारण माझं नुकसान तिथं झालं.

मालिकेत केली नावाची मुलगी जहाजाचं इंजिन सांभाळते. शिकलेली नाही, हातानं शिकलेली. मूळ पहिल्या भागात ती मॅलला सांगते की कॉम्प्रेशन कॉइल नवी घ्यायला हवी. तो हसण्यावारी नेतो, म्हणतो आधी प्रवासी बघ. ती म्हणते, कॉइल गेली तर आपण तरंगत राहू. एवढंच. दोन वाक्यं, चालता चालता. मग पुढं आठव्या भागात, 'आउट ऑफ गॅस'मध्ये, जहाजावरचा डॉक्टर सायमन, त्याच्या वाढदिवसाला सगळे जण जेवणाच्या टेबलाभोवती जमलेत, केक समोर आहे आणि जहाजाला हादरा बसतो. त्याच कॉइलवरचा भाग फुटलेला असतो. इंजिन बंद, हवेचा पुरवठा बंद, आसपास कुणी नाही.

टीव्हीवर हा भाग २५ ऑक्टोबरला लागला आणि केलीचा इशारा डिसेंबरात. म्हणजे मी अपघात आधी बघितला आणि कारण दोन महिन्यांनी यावं तसं शेवटी. त्या दिवशी सकाळी अंथरुणावर बसून मी तो शेवटचा म्हणून लावलेला पहिला भाग बघत होतो आणि केलीचं ते वाक्य आलं. मी फाइल थांबवली. आमच्याकडच्या एका सीएनसी लेथच्या स्पिंडलचं बेअरिंग आवाज करत होतं, मी मालकांना तीनदा सांगितलं होतं, आणि "ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू" हे उत्तर तीनदा ऐकलं होतं. पुढच्याच आठवड्यात रात्री दोनला स्पिंडल जाम झालं. बेअरिंग यायला अकरा दिवस. मालक वाईट नव्हते, हातात पैसा नव्हता. मॅलकडंही नसतो. यंत्र अचानक मरत नाही, आधी सांगतं, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येऊनही खिसा ऐकू देत नाही. हे इतक्या नेमकेपणानं लिहिणाऱ्या माणसांचे भाग उलटसुलट लावणं म्हणजे गिअरबॉक्स खोलून दाते वाटेल तसे बसवणं.

जहाज घरासारखं वाटतं त्यालाही कारण आहे. आतला सेट तुकड्यातुकड्यांत न बांधता मजल्याप्रमाणं सलग बांधला होता. कॅमेरा खांद्यावर घेऊन माणूस चालकाच्या खोलीतून निघतो, स्वयंपाकघरातून जातो आणि इंजिनाच्या खोलीत पोचतो, मध्ये कट नाही. जेवणाच्या जागेच्या भिंतींवर वेली रंगवलेल्या आहेत. आणि बाहेर, अंतराळात, आवाज अजिबात नाही. स्फोट झाला तरी शांतता, फार तर गिटार. हवा नाही तर आवाज कुठून येणार? शाळेत सातवी-आठवीत शिकलेली गोष्ट, पण ती पाळणाऱ्या मालिका फार थोड्या.

बंद पडल्यावरचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल: २००३ मध्ये दृश्य-परिणामांसाठी एमी मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या डीव्हीडी भरपूर खपल्या, त्या बळावर २००५ मध्ये 'सेरेनिटी' याच नावाचा सिनेमा निघाला. तो मालिकेनंतरच बघा. स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीरानं २००७ मध्ये मालिकेच्या आणि सिनेमाच्या डिस्क आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या. ही बातमी वाचली तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं.

काही जण म्हणतात, लवकर संपली तेच बरं, लांबली असती तर बिघडली असती. मला हे पटत नाही. बुक नावाचा धर्मोपदेशक जहाजावर आहे, त्याला बंदुका आणि गुन्हेगारांबद्दल एवढं कसं कळतं, याचं उत्तर पडद्यावर कधीच मिळालं नाही. जहाजावरचीच इनारा ते सोडायचं का ठरवते, तेही अर्धवट राहिलं. ही उत्तरं त्या नटांच्या तोंडून, त्या टेबलाभोवती यायची होती. ती गेली ती गेलीच, त्याला चांगलं म्हणवत नाही.

तेव्हा बघा. जोडभाग एका रात्री, मग दिवसाला एक, सुमारे पाऊण तासाचा. आठव्यापर्यंत घाई करू नका. तिथं शेवटी एक जुनं दृश्य आहे: जुनी जहाजं विकणारा माणूस मॅलला एका जहाजाचे गुण पोटतिडकीनं सांगतोय, आणि मॅलचं लक्षच नाही. तो बाजूला बघतोय, पलीकडं धूळ खात पडलेल्या दुसऱ्याच एका जहाजाकडं.