खेळ सुटल्यावर स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगमध्ये मास्टर्स करावे का?

‘खेळाडू म्हणून पुढे जाता आले नाही, पण मैदान सोडवत नाही, मग स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगमध्ये मास्टर्स केले तर पुढे काम मिळेल का, आणि त्यासाठी परदेशीच जावे लागेल का?’ खेळाच्या गरजेनुसार खेळाडूचे शरीर तयार करण्याच्या या विषयाबद्दल, म्हणजे थोडक्यात ‘एस अँड सी’बद्दल, हा प्रश्न अलीकडे मार्गदर्शनासाठी माझ्याकडे येणारे बरेच विद्यार्थी विचारतात. त्यांच्यासोबत आलेल्या पालकांच्या मनात बहुधा त्याच प्रश्नाची दुसरी बाजू असते: एवढे शिकून मूल शेवटी जिममध्येच उभे राहणार असेल, तर खर्च कशाला करायचा? या दोन्ही काळज्या घेऊन आलेल्या एका कुटुंबाची हकिगत येथे मांडते. संबंधित विद्यार्थिनीची आणि तिच्या वडिलांची संमती घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सांगली जिल्ह्यातली, खो-खो खेळणारी, राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलेली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना पाठलाग करताना वळण घेतले आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, ती पुन्हा मैदानात उतरली, परंतु पूर्वीचा वेग परत आला नाही आणि संघातली जागा गेली. त्यानंतर तिने बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणातली पदवी पूर्ण केली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या विजयाच्या आठवड्यात या मुलीने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरला. प्रवेशाचे पत्र हातात घेऊनच ती वडिलांसह माझ्याकडे आली. वडील साखर कारखान्यात फिटर आहेत, आणि कर्जासाठी राहते घर तारण ठेवण्याची त्यांची तयारी होती.

पहिल्या भेटीत मी अभ्यासक्रमाविषयी जवळजवळ काहीच बोलले नाही. खेळ अचानक सुटलेल्या मुलांच्या मनात एक दुःख साचलेले असते, आणि त्यातून ‘माझे झाले ते दुसऱ्या कोणाचे होऊ देणार नाही’ असा निश्चय तयार होतो. तो निश्चय खरा असतो, पण त्याच्या बळावर पुढची तीस-चाळीस वर्षे रोज पहाटे उठून तेच ते काम करता येईल की नाही, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. म्हणून मी तिला एवढेच विचारले की, गेल्या महिन्यात असे कोणते काम केलेस, ज्यात वेळ कसा गेला ते कळले नाही?

ती म्हणाली, “मॅडम, आमच्या मंडळात लहान मुलींचा वॉर्मअप मी घेते. चौकात बसलेल्या मुलीला खो मिळाला की ती उठते ना, तेव्हा तिला डावीकडे पळायचं असो की उजवीकडे, बहुतेक जणी ठरावीक एकाच पायानं रेटा देतात. मी कितीतरी वेळ नुसतं तेच बघत बसते.” या उत्तरात तिचा स्वतःचा गुडघा कुठेही आला नाही. मी त्या भेटीच्या नोंदीत तेवढेच एक वाक्य लिहून ठेवले, कारण या व्यवसायाला लागणारी नजर त्यात होती.

वडिलांची शंका वेगळी होती आणि ती त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवली. “पोरीच्या शिक्षणाला मी कधी नाही म्हटलं नाही, मॅडम. पण आमच्याकडं जिम टाकलेल्या पोरांनी कुठं मास्टर्स केलंय?” जिममधला प्रशिक्षक येणाऱ्या माणसाचे आरोग्य सुधारण्यासाठी काम करतो आणि ते काम मोलाचेच आहे, एस अँड सी कोच मात्र एका विशिष्ट खेळाच्या विशिष्ट मागण्यांसाठी, मुख्य प्रशिक्षकाशी आणि फिजिओशी बोलून, वर्षभराचे वेळापत्रक समोर ठेवून खेळाडूचे शरीर तयार करतो, असे मी त्यांना सांगितले. हे त्यांना पटले, परंतु डोळ्यांसमोर आले नाही. तेव्हा मी त्यांच्याच कारखान्याकडे वळले. गाळप हंगाम सुरू असताना मिल थांबवून मोठे काम काढता येत नाही, ते सारे हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगमध्ये करतात, आणि चालू हंगामात यंत्र धडधाकट राहील एवढीच देखभाल करतात. खेळाडूच्या बाबतीतही स्पर्धा नसतानाच्या महिन्यांत जड वजनांनी ताकद वाढवायची, हंगाम जवळ आला की त्या ताकदीचे वेगात आणि झेपेत रूपांतर करायचे, आणि स्पर्धा सुरू झाल्या की कमावलेले टिकेल एवढाच व्यायाम ठेवायचा. पिरियडायझेशन म्हणतात ते हेच. ते लगेच म्हणाले, “म्हणजे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पोरांना रगडायचं नाही.” अनेक गावांतल्या सराव-शिबिरांत नेमके उलटे घडते, हे त्यांनी स्वतःच पाहिले होते.

मग मी एसीएलविषयी बोलले. वेगात थांबणे, वळणे आणि उडी मारून उतरणे असलेल्या खेळांमध्ये ही दुखापत मुलांच्या तुलनेत मुलींना अधिक प्रमाणात होते, आणि उतरण्याची व थांबण्याची पद्धत, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि तोल यांवर नियमित काम केल्यास तिचे प्रमाण कमी करता येते, हे आता चांगले प्रस्थापित झाले आहे. फुटबॉलसाठी फिफाने पुरस्कृत केलेला ‘११+’ हा वॉर्मअप याच विचारावर आधारलेला असून तो घ्यायला वीसेक मिनिटे पुरतात. वडील काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “मग आमच्या पोरीच्या वेळी हे कुणी का केलं नाही?” मी त्यांना खरे तेच सांगितले. तिच्या मैदानावर एकच प्रशिक्षक होते, खो-खो शिकवण्यापासून मुलींच्या प्रवासाची सोय पाहण्यापर्यंत सगळे त्यांच्यावर होते, आणि या विषयाचे शिक्षण घेतलेला माणूस तालुक्यातच नव्हता. असा माणूस असता तरी दुखापत टळलीच असती, असे कोणी सांगू शकत नाही. हा प्रश्न विचारल्यानंतर मुलीने हे शिकावे की नाही याविषयी त्यांनी पुन्हा शंका काढली नाही. कोठे, केव्हा आणि किती पैशांत शिकावे, एवढेच उरले.

याबाबत माझे मत ठाम आहे आणि ते मी दोघांसमोर मांडले. ज्याने अजून एकाही खेळाडूसोबत पूर्ण हंगाम काढलेला नाही, त्याने कर्ज काढून परदेशातली एक वर्षाची पदवी घेऊ नये. शिष्यवृत्ती असेल किंवा परत आल्यावर नोकरी निश्चित असेल तर गोष्ट वेगळी. पदव्युत्तर वर्गात शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, प्रशिक्षणाचे नियोजन, चाचण्या आणि संख्याशास्त्र शिकवतात, शेवटी प्रबंध करून घेतात, आणि हे सारे उत्तम असते. पण ज्याच्या डोळ्यांसमोर शिकताना खरी माणसे असतात, त्याला त्यातले प्रत्येक प्रकरण कोठे लावायचे ते कळते. ज्याच्यासमोर ती नसतात, तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो आणि पहिल्याच नोकरीत चाचपडतो.

पैशांचा हिशेब आम्ही कागदावर केला. शुल्क, राहणे, व्हिसा आणि विमानप्रवास धरून तिला तीस लाख रुपयांची गरज पडणार होती. ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत ते फेडायचे म्हटले, तर अभ्यासाच्या काळातले व्याज न धरताही महिन्याचा हप्ता सुमारे ४१ हजार रुपयांचा होतो. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम शोधण्याची जी मुदत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांची होती, ती जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले आहे, आणि क्लबांमधल्या कनिष्ठ जागांसाठी तिथलेच पदवीधर मोठ्या संख्येने रांगेत असतात. इकडे परत येऊन अकादमीत कनिष्ठ पदावर सुरुवात केली, तर पहिली काही वर्षे मानधनातून हा हप्ता निघणे अवघड आहे. हिशेब मांडून झाल्यावर प्रवेशाचे पत्र तिने स्वतःच घडी घालून पर्समध्ये ठेवले. मला तिची निराशा दिसत होती, पण अशा वेळी आकडे सौम्य करून सांगणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, असे मी मानते.

देशातले मार्ग आम्ही सविस्तर पाहिले. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ ची आहे, आणि २०१८ च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ मणिपूरमध्ये आहे. शिवाय आपल्याकडच्या विद्यापीठांत एम.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, आहेच. येथे एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून जायचे झाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञान या विषयातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांसह लागते, नेट किंवा सेट लागते, स्पर्धांतल्या सहभागाचा पुरावा लागतो आणि शारीरिक क्षमता चाचणीही उत्तीर्ण व्हावी लागते. फक्त ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ असे नाव असलेली परदेशी पदवी या चौकटीत बसेल, असे आधीच गृहीत धरू नये. एम.पी.एड. करून प्रबंध या विषयात केला, तर महाविद्यालयाचे दार बंद होत नाही आणि अकादमीचेही उघडे राहते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे क्षमता चाचणीची तयारी तिला लवकर सुरू करावी लागेल, हेही मी त्याच वेळी सांगितले.

पदवीइतकेच महत्त्व या क्षेत्रात प्रमाणपत्राला आहे. अमेरिकेतील नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन ही संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली आणि १९८५ पासून ती सीएससीएस (सर्टिफाइड स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट) हे प्रमाणपत्र देते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील संघटनांचीही स्वतःची प्रमाणपत्रे आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींत पात्रता म्हणून पदव्युत्तर पदवीबरोबर या प्रमाणपत्रांचाही उल्लेख येतो. सीएससीएससाठी पदवी आणि हृदय बंद पडल्यास करावयाच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते, तर परीक्षेचे वैज्ञानिक पाया आणि उपयोजन असे दोन भाग असतात. २०३० पासून पदवीविषयीची अट कडक करण्याचे संघटनेने जाहीर केले असल्यामुळे ‘नंतर पाहू’ म्हणणे येथे महागात पडू शकते.

तिची शाळा मराठी माध्यमाची, आणि इंग्रजीची धास्ती तिने शेवटी-शेवटी सांगितली. मी तिला महिला खेळाडूंच्या उडीनंतरच्या उतरण्यावरचा एक शोधनिबंध दिला आणि तो वाचून मला मराठीत समजावून सांग म्हटले. कोणाची निवड केली, काय मोजले, किती आठवडे व्यायाम दिला, हे तिने न अडखळता सांगितले. ती अडली पी व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांपाशी. म्हणजे भीती इंग्रजीची वाटत होती आणि कच्चे होते संख्याशास्त्र. त्यावर इलाज सोपा आहे आणि तिने तो पुढच्या काही महिन्यांत केला.

त्या काळात ती पुण्यात मावशीकडे राहून एका अकादमीत अनुभवी एस अँड सी कोचच्या हाताखाली मदतनीस म्हणून जाऊ लागली. रोज पाहिलेले लिहून ठेवण्यास मी सांगितले होते. तिच्या वहीतले एक पान मला फार आवडले. सराव सुरू होण्यापूर्वी कोच प्रत्येक मुलीला भिंतीशी उभी करून हात वर ताणायला लावत, खडूने खूण करत, मग उडी मारून वरची खूण करायला लावत. एका धावपटूची वरची खूण त्या दिवशी नेहमीपेक्षा चार बोटे खाली आली. कोचनी तिला काही न विचारता फळ्यावर लिहिलेले स्क्वॉटचे सेट निम्मे केले आणि नंतर बाजूला घेऊन चौकशी केली, तेव्हा घरी आजी आजारी असल्यामुळे ती रात्रभर जागी असल्याचे कळले. या नोंदीखाली माझ्या विद्यार्थिनीने लिहिले होते: ‘मला हे आधी चेहऱ्यावरून ओळखता आले असते का? उद्यापासून खूण पाहण्याआधी अंदाज लिहायचा.’ पुढच्या पानांवर तिचा अंदाज आणि खडूची खूण असे दोन रकाने होते, आणि सुरुवातीला ते फारसे जुळत नव्हते.

त्या अकादमीत मुलींची संख्या मोठी असूनही वजनांच्या खोलीत महिला प्रशिक्षक नव्हती. ती आल्यावर मासिक पाळीतला त्रास, पुरेसे न खाणे, दुखत असूनही लपवणे अशा गोष्टी मुली बोलू लागल्या, असे कोचनीच मला फोनवर सांगितले. महिलांना या व्यवसायात जागा कमी आहेत असे पालक म्हणतात, तेव्हा मी त्यांना ही बाजू आवर्जून सांगते.

एक पूर्ण हंगाम तेथे काढल्यावर तिने एम.पी.एड.ला प्रवेश घेतला आहे. प्रबंधाचा विषय तिने स्वतःच आणला: खो मिळाल्यावर उठताना दोन्ही पायांनी दिलेल्या रेट्यातला फरक, आणि ठरावीक व्यायामाने तो कमी होतो का. मार्गदर्शकांनी त्याला होकार दिला असून जिल्हा स्पर्धांच्या आधी मोजमापे पूर्ण करण्याची अट घातली आहे. सीएससीएसची तयारी ती अकादमीतल्या दोघांबरोबर करते आहे. परदेशाचा विचार तिने सोडलेला नाही आणि मीही सोडायला सांगितले नाही. प्रबंध हाती आल्यावर, वळणे आणि दिशा बदलणे यांवर काम करणारे प्राध्यापक जिथे असतील अशाच विभागांना लिहायचे आणि शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला तरच जायचे, असे ठरले आहे. घराचे कागद मात्र बँकेत द्यायचे नाहीत, यावर आम्हा तिघांचे एकमत आहे.