हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पाठ करून घेण्यापलीकडे वर्गात काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, पदवीच्या विद्यार्थ्यांना हरित रसायनशास्त्राची, म्हणजे कमी कचरा आणि कमी घातक पदार्थ वापरून रसायने बनवण्याच्या शास्त्राची, बारा तत्त्वे तोंडपाठ असतात, पण गावातल्या एखाद्या उद्योगाविषयी विचारले की ती लावता येत नाहीत. तेव्हा प्रणाली-विचाराची, म्हणजे वस्तू सुटी न पाहता तिच्या आधीची आणि नंतरची सगळी साखळी पाहण्याची, जोड प्रत्यक्षात कशी द्यावी. मी सांगली जिल्ह्यात, तासगाव भागात, रसायनशास्त्र शिकवते. माझ्या अनुभवाप्रमाणे एकच ओळखीची वस्तू घ्यावी आणि तिचा माग शेवटपर्यंत काढावा. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे बेदाणा.

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेली तत्त्वे प्रामुख्याने अभिक्रिया आणि उत्पादन यांच्याकडे पाहतात. पदार्थ कोठून आला, वापरानंतर कोठे गेला आणि तेथे जाऊन त्याने काय बदलले, हे प्रश्न प्रणाली-विचार त्यांना जोडतो. पूर्वी मी ही तत्त्वे यादीसारखी शिकवत असे. बेदाण्याचा रंग टिकवण्यासाठी गंधक जाळून त्याला धुरी देतात; ‘गंधकाची धुरी बंद करावी’ असे कोणी लिहिले की मी पूर्ण गुण देत असे. ती माझी चूक होती, कारण ज्यांच्या घरी बेदाण्याचे शेड आहे अशी मुलेही धुरी बंद केल्यावर पुढे काय होईल याचा विचार न करताच ते वाक्य लिहीत होती.

आता मी सुरुवात हिशेबापासून करते. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे ३ किलो पाणी उडावे लागते. त्यासाठी किलोमागे सुमारे २.४ मेगाज्यूल धरले तर ७.२ मेगाज्यूल, अर्थात २ युनिट वीज इतकी ऊर्जा लागते, आणि ती शेडमध्ये ऊन-वारा फुकट पुरवतात. मात्र द्राक्षाच्या सालीवरील मेणाचा थर पाणी अडवतो. म्हणून घड आधी सुमारे अडीच टक्के पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड टक्का इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात. आम्ही बुडवलेले आणि न बुडवलेले घड जाळीवर ठेवून रोज वजन करतो. दोन आठवड्यांत पहिले सुकून येतात, तर दुसरे तेव्हाही बोटाला मऊ लागतात. ‘रसायन वगळा’ हा सोपा सल्ला येथेच अडखळतो, कारण माल जितके जास्त दिवस रॅकवर राहील तितका तो वळिवाच्या एका सरीत सापडण्याचा धोका वाढतो, आणि माल खराब झाला तर वर्षभराचे पाणी, खत आणि फवारण्या वाया जातात.

यानंतर प्रत्येक पदार्थ कोठून येतो आणि कोठे जातो, याचा नकाशा विद्यार्थी मोठ्या कागदावर बाणांनी काढतात. एका वर्षी सर्व बाण पूर्ण झाले, पण पिंपात उरलेल्या द्रावणाला बाणच नव्हता. आम्ही शेडवर जाऊन पाहिले, तर ते बांधालगत ओतलेले होते. पिंपाच्या तळाशी राहिलेल्या द्रावणात बुडवलेला पीएच कागद गडद निळा झाला, म्हणजे ते चांगलेच अल्कधर्मी होते. २०० लिटर द्रावणात सुमारे ५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि त्यात सुमारे २.८ किलो पोटॅशियम असते. तेच मूलद्रव्य आपण परदेशातून आलेल्या पोटॅशच्या पोत्यातून विकत घेतो! आम्ल मिसळून त्यातील अल्कली कमी करून हे द्रावण बागेला देता येईल का, यावर वर्गात मोठा वाद झाला, कारण कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी मुलांनी पाहिलेल्या आहेत आणि अल्कली जपूनच वापरावी लागते हे त्यांना सांगावे लागत नाही.

गंधकाचा बाण सर्वांत लांब जातो. द्राक्षातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) बेदाणा तपकिरी पडतो. सल्फर डायऑक्साइड त्या विकराला रोखतो. ३२ ग्रॅम गंधकापासून ६४ ग्रॅम वायू तयार होतो, आणि तो धुरी देणाऱ्या माणसाच्या श्वासातही जातो. दमा असणाऱ्याला तो विशेष बाधतो. तरीही धुरी दिली जाते, कारण सौद्यात पिवळ्या रंगाला भाव मिळतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यापासून निघालेला बाण धुरीच्या खोलीत पोहोचतो. हा बाण बारा तत्त्वांत कोठेही सापडत नाही, म्हणून मी या ठिकाणी एक संपूर्ण तासिका थांबते आणि उत्तर सुचवण्याची घाई करत नाही.

दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. नकाशात सगळे जग आणू नये. सीमा विद्यार्थ्यांनीच आखावी आणि सीमेबाहेर काय ठेवले व का ठेवले, हे लेखी द्यावे. माझ्याकडे २० पैकी ८ गुण त्या टिपणालाच असतात. दुसरे म्हणजे, आकडेमोड सोडू नये. ओलिइक आम्ल आणि इथेनॉल यांपासून इथाइल ओलिएट बनवताना अणु-काटकसर, म्हणजे घेतलेल्या पदार्थांच्या वजनापैकी हव्या त्या उत्पादनात उतरणारा वाटा, सुमारे ९४.५ टक्के येते. हे गणित सुटल्यावर ‘ते इथेनॉल कोठून आले?’ एवढेच विचारावे. आमच्या वर्गात निम्मे हात साखर कारखान्याच्या दिशेने वर होतात, कारण तेथील मळीपासून इथेनॉल बनते, आणि त्या मळीचा नकाशा पुढच्या आठवड्यात सुरू होतो.