पाणथरीला ‘ग्रेड ३’ इजा, तरी ऑपरेशन का नाही?

प्रश्न : दुचाकीवरून पडल्याने पुतण्याच्या पाणथरीला (प्लीहा, पोटात डावीकडे असलेला अवयव) इजा झाली. सीटी स्कॅनमध्ये ‘ग्रेड ३’ आहे, तरी डॉक्टर नुसते लक्ष ठेवून आहेत. ही हलगर्जी नाही ना?

उत्तर : नाही. ऑपरेशनचा निर्णय आधी नाडी आणि रक्तदाबावर ठरतो, ग्रेडवर नंतर. सलाइन-रक्त देऊनही रक्तदाब टिकत नसेल आणि सोनोग्राफीत पोटात रक्त दिसत असेल, तर स्कॅनची वाट न पाहता पोट उघडावे लागते.

रुग्ण स्थिर असेल तेव्हा ग्रेड उपयोगी पडते. चीर १ सेंमीपेक्षा उथळ असेल तर ग्रेड १. १ ते ३ सेंमी असेल तर २. त्याहून खोल असेल तर ३. आवरणाखाली साकळलेले रक्त निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर असेल तरीही ३. अमेरिकन ट्रॉमा सर्जन संघटनेने २०१८ मध्ये रक्तवाहिनीची इजाही यात धरली. पाणथरीच्या आतच रक्तस्राव चालू असेल तर ग्रेड ४, तो पोटात वाहत असेल किंवा पाणथरीच्या चिंधड्या झाल्या असतील तर ५. चौथ्या ग्रेडला, रुग्ण स्थिर असल्यास, बहुधा मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ती रक्तवाहिनी बंद करतात.

पाणथरी वाचवण्याची धडपड योग्यच आहे. ती काढल्यास न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका आयुष्यभर राहतो, लसी घ्याव्या लागतात.

घरी सोडल्यावरही काही दिवसांनी अचानक रक्तस्राव होऊ शकतो. चक्कर, डाव्या खांद्यात कळ, वाढती पोटदुखी जाणवली तर तडक रुग्णालय गाठा. कबड्डी, दुचाकी, जड उचलणे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद.