नायजेरियाची राष्ट्रीय विमान कंपनी टिकत का नाही? व्हर्जिन नायजेरिया इतक्या लवकर कशी संपली?

असं विचारताना बऱ्याचदा गृहीत धरलेलं असतं की एवढ्या गरीब देशात विमानाला गिऱ्हाईक मिळत नसेल. उलट आहे. लागोसहून लंडनला जाणारी विमानं भरून जातात, आणि तिकिटंही महाग असतात. पैसे बराच काळ परदेशी कंपन्या कमावत राहिल्या, इतकंच.

जुनी सरकारी नायजेरिया एअरवेज 2003 मध्ये कर्जात बुडाली. मग सरकारने स्वतः विमानं चालवण्याचा नाद सोडला आणि ब्रिटनच्या व्हर्जिन उद्योगसमूहाच्या रिचर्ड ब्रॅन्सनला बोलावलं. त्यातून व्हर्जिन नायजेरिया उभी राहिली: ब्रॅन्सनच्या व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीचे 49 टक्के, नायजेरियन गुंतवणूकदारांचे 51. जून 2005 मध्ये पहिलं विमान लागोसहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये तिथल्या दोन खासगी कंपन्यांची विमानं पडून दोनशेवर माणसं गेली, त्यामुळे नव्या कंपनीवर लोकांची भिस्त आणखी वाढली.

कल्पना साधी होती. कानो, अबुजा, पोर्ट हार्कोर्टचे प्रवासी लागोसला आणायचे आणि तिथूनच लंडन किंवा जोहान्सबर्गच्या विमानात बसवायचे. त्यासाठी दोन्ही विमानं एकाच छपराखाली हवीत. व्हर्जिन नायजेरिया देशांतर्गत उड्डाणंही लागोसच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरूनच करत होती. आपल्याला तसा शब्द दिलाय, असं तिचं म्हणणं. पण 2007 मध्ये एका खासगी कंपनीने बांधलेलं एमएमए-2 हे देशांतर्गत टर्मिनल सुरू झालं, आणि ते बांधणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की करारानुसार देशांतर्गत प्रवासी आमच्याकडेच यायला हवेत. म्हणजे सरकारने एकच प्रवासी दोघांना कबूल करून ठेवला होता!

मुंबईत सांताक्रूझला उतरून सामानासकट सहारला ज्यांनी धावपळ केली असेल, त्यांना या भांडणाचं मर्म वेगळं सांगायला नको. त्यात लागोसचा ‘गो-स्लो’ (ट्रॅफिक जॅमला तिकडे हेच म्हणतात). देशांतर्गत विमानं दुसऱ्या टर्मिनलवर गेली तर प्रवाशाला हेच करावं लागणार. अशी यातायात करण्यापेक्षा माणूस सरळ दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतो.

जानेवारी 2009 मध्ये लंडन आणि जोहान्सबर्गची उड्डाणं बंद झाली. सगळा दोष टर्मिनलचा नाही. 2008 मध्ये इंधन भडकलं होतं, आणि कच्चं तेल विकणारा हा देश विमानाचं इंधन मात्र बाहेरून आणत होता. पण लांबचे मार्ग गेले तेव्हाच कंपनीचा जीव गेला, असं माझं मत. पुढे नुसती नावं बदलली: 2009 मध्ये नायजेरियन ईगल, 2010 मध्ये मालक बदलून एअर नायजेरिया, आणि 2012 मध्ये टाळं.

यानंतर तरी विमानतळ, इंधन, करार यांच्याकडे लक्ष जाईल असं वाटलं होतं. गेलं ते लोगोकडे. जुलै 2018 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरो एअर शोमध्ये तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री हादी सिरिका यांनी ‘नायजेरिया एअर’ या नियोजित राष्ट्रीय कंपनीचं बोधचिन्ह झळकावलं, दोन महिन्यांत प्रकल्प स्थगित. जुन्या नायजेरिया एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना थकलेल्या पैशांचा पहिला मोठा हप्ता मिळाला, तोही याच वर्षी, म्हणजे कंपनी बुडून 15 वर्षांनी.

मग ‘नायजेरिया एअर’ पुन्हा पुढे आली, आणि तिच्यातले 49 टक्के इथिओपियन एअरलाइन्सला द्यायचं ठरलं. स्थानिक विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि मनाई हुकूम आला. तरीही 26 मे 2023 रोजी, अध्यक्ष बुहारी यांच्या सरकारची मुदत संपायला तीन दिवस उरले असताना, ‘नायजेरिया एअर’ असं रंगवलेलं विमान अबुजाला उतरलं. ते इथिओपियनचं विमान होतं, दाखवण्यापुरतं भाड्याने आणलेलं. लगेच परतही गेलं. नव्या सरकारचे विमान वाहतूक मंत्री फेस्टस केयामो यांनी त्याच वर्षी प्रकल्प थांबवला.

लागोस-लंडन मार्गावर मार्च 2024 पासून एअर पीस ही तिथलीच खासगी कंपनी उडते आहे. सरकारी मालकी नाही, 49 टक्क्यांचा परदेशी भागीदारही नाही. ती आल्यावर त्या मार्गावरची तिकिटंही उतरली.