मोफत विधी सेवेत फौजदारी अपिलं हाती घेताना

विधी सेवा प्राधिकरणाकडून अपील आलं की आधी शिक्षा झालेल्या माणसाला गाठ. ठाणे नाहीतर तळोजा कारागृहात जाऊन भेट. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे त्याच्या घरच्यांनाही सांग. बिचारे तहसील कचेरीत हेलपाटे घालत असतात.

मुदत पाठ असू दे: मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात 60, फाशी असेल तर 30. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात. शिक्षा स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच लाव.

मग साक्षी वाच, निकालपत्र सगळ्यात शेवटी. निकाल आधी वाचला की न्यायाधीशांच्याच नजरेने पुरावा दिसू लागतो. साक्षीदार कोर्टात म्हणतो, "याच्या हातात चाकू होता". पोलीस जबाबात चाकूचं नावच नाही. उलटतपासात ते विचारलंय का, आणि पुढे तपास अधिकाऱ्याकडून ते ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली गोष्ट, शाबीत करून घेतलंय का, बघ. पुष्कळदा हे दुसरं राहून जातं. पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीचा जबाब घेतं, त्यातले प्रश्नही ताडून बघ. ज्या पुराव्यावर शिक्षा झाली तो त्याच्यापुढे ठेवलाच नसेल, तर तो मुद्दा अपिलात अगदी वर घे.

आणि नुसती तारीख पडली तरी त्याच्या घरी फोन कर, कारागृहातही कळव.